वाळ्याचं पाणी

आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, बायकांनी एका उन्हाळ्यात एका कादंबरीला घरात येऊ द्यायचं बंद केलं होतं. कादंबरीत काही चावट होतं म्हणून नव्हे. तसं असतं तर ती बिचारी दुपारी दार लावून वाचली तरी गेली असती. त्यांचं म्हणणं असं की, हे पुस्तक ज्या घरात जातं त्या घरात कावीळ येते. आम्ही शिकलेली मंडळी यावर पोट धरून हसलो. बायकांनी जे पाहिलं होतं ते शंभर टक्के खरं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. सत्तरच्या दशकातली, नागपूरच्या एका रणरणत्या उन्हाळ्यातली ही गोष्ट आहे.

तेव्हा मी एका कॉलेजात मराठी शिकवायला नुकतीच लागले होते. माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचे वडील तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक होते. त्यांना सगळेच सर म्हणत. रविवारी सायंकाळी त्यांच्या अंगणात वाचक मंडळाची बैठक भरायची. मैत्रिणीच्या वशिल्याने मलाही तिथे खुर्ची मिळाली होती, आणि त्या अंगणात बसणारी मी एकटीच बाई होते. सर मूळचे सावनेरकडच्या शेतकरी घरातले. पण शिकताना त्यांनी आपली भाषा इतकी घासूनपुसून घेतली होती की दूधवाल्यालाही ते "आपण आज उशिरा आलात" म्हणायचे. दूधवाला मागे वळून बघायचा, आणखी कोण आलं म्हणून.

मंडळाचा नियम एकच होता: बैठकीत घरगुती विषय काढायचा नाही. हा नियम सरांनी केला तो वैतागून. आधीच्या वर्षी आत्म्यावर चर्चा सुरू झाली की ती हमखास गॅसच्या नंबरावर जाऊन थांबायची, आणि मोक्षाचा विषय कुणाच्या तरी पोराच्या इंजिनियरिंगच्या ॲडमिशनपर्यंत पोचायचा. त्यामुळे कुणी चुकून घरातलं बोलायला लागलं की सर उजव्या हाताचा पंजा वर करायचे. ट्रॅफिकच्या हवालदाराने करावा तसाच. बोलणारा जिथे असेल तिथे थांबायचा.

त्या उन्हाळ्यासाठी सरांनी एक परदेशी कादंबरी निवडली होती. एका गावात साथ येते आणि गाव तिला कसं तोंड देतं, अशी ती. प्रत एकच, तीही इंग्रजी. सर दर रविवारी थोडा भाग मराठीत सांगायचे आणि मग आम्ही त्यावर तुटून पडायचो. सरांच्या मते ही साथ म्हणजे आजार नव्हताच, ती माणसाच्या नशिबाची अवस्था होती. आमच्या मंडळातल्या डॉक्टरांचा चौकात दवाखाना होता. कादंबरीतही एक डॉक्टर आहे म्हटल्यावर ते पहिल्याच बैठकीपासून वेगळे चालायला लागले. तो डॉक्टर थकला की हेही थकायचे. "माझंही अगदी असंच होतं," असं ते दर रविवारी एकदा तरी म्हणायचे. दवाखान्यात त्यांच्याकडे त्या वेळी घामोळ्याचे पेशंट होते.

तिसरे होते पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांचा लेखकावर राग होता. ज्या गावातल्या नाल्या कुठून कुठे जातात हे लिहिण्याची तसदी लेखकाने घेतलेली नाही, त्या गावाच्या साथीवर आपण विश्वास का ठेवायचा, असा त्यांचा सवाल. सर त्यांना समजावून सांगायचे की नाल्या हा या कादंबरीचा विषय नाही. ही सगळी चर्चा जिथे चालायची तिथून चार पावलांवर, कुंपणाच्या अगदी लगत, सांडपाण्याची उघडी नाली वाहत होती. संध्याकाळी वारा फिरला की आम्ही खुर्च्या थोड्या अलीकडे ओढून घ्यायचो.

आता पाण्याबद्दल सांगायला हवं. नागपूरच्या उन्हाळ्यात पाहुण्याला नुसतं पाणी देऊन चालत नाही. माठ असतो, माठाला ओलं फडकं असतं आणि माठात वाळा असतो. वाळ्याच्या मुळ्यांची जुडी पातळ कापडात बांधून माठात सोडली की पाण्याला ओल्या मातीसारखा गंध येतो आणि ते आहे त्यापेक्षा जास्त गार वाटतं. सरांच्या घरचं वाळ्याचं पाणी प्रसिद्ध होतं. वाळा ते स्वतः इतवारीतून हुंगून आणायचे. बाकीच्या बाजारात त्यांना काही कळत नसे, त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, त्यांना भाजीला पाठवत नसत. पण वाळ्यात त्यांना कुणी फसवू शकत नसे. बैठकीला आलेला प्रत्येक जण दोन-दोन पेले प्यायचा आणि वाहवा करायचा. त्या वर्षी तर वाहवा जरा जास्तच झाली, कारण वाळाही जास्त होता.

तो जास्त का होता हे बैठकीतल्या सगळ्यांच्या समोरच सांगितलं गेलं होतं. चैत्रातल्या एका रविवारी सर कादंबरीतल्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल बोलत होते. संकट दारात उभं असतं आणि लोक आपापल्या कामात असतात, माणसाला समोरचं दिसत नाही, असं त्यांचं चाललं होतं. आवाज छान लागला होता. तेवढ्यात काकू पदराला हात पुसत दारात आल्या. काकू रामटेककडच्या, सासरी येऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांनी आपली बोली सोडली नव्हती. त्या म्हणाल्या, "ऐकलं का, नळाच्या पाण्याले वास येऊन राह्यला. मले तं नालीचाच वाटते."

सरांनी पंजा वर केला. काकू थांबल्या. सर आमच्याकडे वळून म्हणाले, "तर, माणसाला समोरचं दिसत नाही." आणि मग हलक्या आवाजात काकूंना सांगितलं की वाळा थोडा वाढवा, वास जाईल.

वास गेला. पुढच्या रविवारी डॉक्टरांनी पेला नाकाजवळ नेऊन डोळे मिटले आणि असं पाणी नागपुरात दुसरीकडे मिळत नाही म्हणाले. इंजिनियर म्हणाले की गंधामुळे पाणी हलकं होतं. हे म्हणणारा माणूस उभं आयुष्य शहराला पाणी पाजत आला होता. मीही प्यायले, आणि दुसरा पेला मागितला.

पहिली कावीळ झाली ती मंडळातल्या बँकेत काम करणाऱ्या गृहस्थांना. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. आता पडून राहणाऱ्या माणसाने काय करायचं, तर सरांनी कादंबरी त्यांच्याकडे पाठवली. ते बरे होताहेत तोवर दुसरे आडवे झाले. पुस्तक त्यांच्याकडे गेलं. मग मी. माझे डोळे पिवळे झाले त्याच संध्याकाळी सर स्वतः पुस्तक घेऊन आले. माझ्या आईने ते हातात न घेता सुपात घेतलं. मी रागाने बोलले तर ती म्हणाली, तू काही म्हण, पुस्तक चांगलं नाही. लेआउटमधल्या बायकांनी एव्हाना सगळा हिशोब जुळवला होता. पुस्तक कुणाकडे गेलं, कावीळ कुणाला झाली, ज्यांनी कधी पुस्तकाला हात लावला नाही ती घरं कशी खडखडीत आहेत. कुणाच्याही फाटकाशी सर पिशवी घेऊन दिसले की आतली कडी लागायची.

डॉक्टरांनी याची कारणमीमांसा केली. त्यांनी प्रत्येक पेशंटला बाहेर काय खाल्लं ते विचारलं आणि दोष चौकातल्या रसवंतीवर टाकला. उसाचा रस बंद करा म्हणाले. मग कावीळ झाली म्हणून औषध काय, तर उसाचा रस घ्या. रसवंतीवाल्याचा धंदा दोन्हीकडून सारखाच राहिला. ही साथ आहे का, असं मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवली. साथ फार मोठी गोष्ट असते, कादंबरीत वाचताय ना, असं म्हणून ते हसले. आजार आमच्या घरात होता आणि साथ परदेशात होती.

याच सुमारास माझी मैत्रीण माहेरी आली. तिचा नवरा सावनेरजवळच्या कोळसा खाणीत नोकरीला होता, आणि ती पहिल्या बाळंतपणासाठी आली होती. तिला सातवा महिना लागला होता. मी आजारातून उठले आणि रोज कॉलेज संपलं की तिच्याकडे जाऊन बसायला लागले. आतल्या खोलीत कूलरपुढे खाटेवर ती पसरलेली असायची. रविवारी मात्र ती कूलर बंद करायची, मग बाहेर अंगणात बाबांचं मंडळ काय बोलतं ते तिला आतून सगळं ऐकू यायचं आणि ती एकेकाची नक्कल करायची. डॉक्टरांचं "माझंही अगदी असंच होतं" ती इतकं हुबेहूब म्हणायची की मला तोंडात पदर कोंबावा लागायचा. तिला डोहाळे लागले होते ते वाळ्याच्या वासाचे. काकू म्हणायच्या, लोकांच्या पोरी कैरी मागतात, माझी पोरगी माठ मागते. ती खरोखर पेला नाकाला लावून बसायची आणि मग घटाघटा प्यायची.

अशाच एका रविवारी बैठक ऐन रंगात होती. सर मरणाबद्दल बोलत होते. मरण हे कुणाचंही असलं तरी त्याकडे एकाच तटस्थ नजरेने बघता आलं पाहिजे, ते आपलं आणि ते परकं असा भेद साथीत राहत नाही, असं काहीतरी. मी मध्येच उठून आत गेले होते, मैत्रिणीला पाणी द्यायला. दिवसभर तिला मळमळत होतं. गरोदरपणात होतंच असं काकू म्हणत होत्या. खिडकीतून उतरतं ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं आणि ती माझ्याकडे बघून हसली. तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग हळदीचं बोट फिरवल्यासारखा पिवळा होता. मला माझे डोळे आरशात दिसले होते ते आठवले.

मी अंगणात आले आणि सरांच्या खुर्चीजवळ उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे न बघताच पंजा वर केला.

मी म्हणाले, "सर, तिचे डोळे पिवळे झालेत."

पंजा तसाच राहिला. कुणाचे, असं त्यांनी विचारलं नाही. डॉक्टर खुर्चीतून उठले, आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा त्यांना कादंबरीतला डॉक्टर आठवला नाही. ते आत गेले, तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, बाहेर आले आणि सरांना बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं. बाकीच्यांची कावीळ विश्रांतीने बरी होते, पण दिवस भरत आलेल्या बाईचं तसं नसतं. आईला धोका असतो आणि बाळालाही. सर एवढंच म्हणाले, "मंग आता काय करावं गा, डॉक्टर?" इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून सावनेर ऐकलं ते मी तेव्हाच.

तिला मोठ्या दवाखान्यात ठेवलं. औषध असं काही नव्हतंच. सलाईन आणि वाट बघणं. त्याच आठवड्यात सर स्कूटर काढून रामटेकच्या पलीकडच्या एका खेड्यात गेले आणि काविळीची माळ घेऊन आले. बारीक काड्यांची ती माळ डोक्यावर घालतात, कावीळ उतरत जाते तशी ती लांब होत गळ्यात येते, असा समज आहे. या माळेवर सरांनी पूर्वी एक अख्खा रविवार खर्च केला होता. अज्ञान कसं सुबक दिसतं याचा तो नमुना आहे म्हणाले होते. आणि स्कूटरवर त्यांच्या मागे कोण बसलं होतं, तर आमचे डॉक्टर. मी बघितलं तेव्हा ते ओशाळून म्हणाले की सरांना रस्ता माहीत नव्हता. तुम्हाला कसा माहीत, असं मला विचारायचं होतं. पण सर वॉर्डात मुलीच्या डोक्यावर ती माळ ठेवत होते आणि पुन्हा पुन्हा सरळ करत होते.

तिला उकळून गार केलेलं पाणीच द्यायचं, असं दवाखान्यातून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा न्यायला सरांच्या घरी गेले तेव्हा काकू स्टोव्हवर पातेलं ठेवून बसल्या होत्या. त्यात पाणी नळाचं होतं, माठातलं नव्हतं, आणि वाळा घातलेला नव्हता. पाणी तापायला लागलं तसा वास उठला. आधी स्वयंपाकघरात, मग माजघरात, मग पुढच्या खोलीत, जिथे सर दाढी न करता वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसले होते. ते नाकाला धोतराचा सोगा लावून आत आले. नाली तुंबली का, म्हणून विचारलं.

काकूंनी पातेल्याकडे बोट दाखवलं. "नाली नोहे. पाणी उकळून राह्यलं. वाळा नाई टाकला तं आपलं पाणी हेच हाय."

सर त्या पातेल्याकडे बघत राहिले. काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त स्टोव्हची हवा सोडली आणि म्हणाल्या, "मी तुमाले तवाच सांगतलं होतं. तुमी हात वर केला."

मी तिथे नसते तर बरं झालं असतं. दोघांच्या मध्ये ते पातेलं होतं आणि मला दार सापडेना.

पुढचं सगळं तासाभरात झालं. इंजिनियर आले, लाईन उत्तम आहे म्हणाले, मग पातेल्याशी वाकले आणि कुदळ मागितली. सरांच्या घराला जाणारा नळाचा पाइप नालीच्या पोटातून जात होता आणि एका जोडावर तो सडून भोक पडलं होतं. नळ बंद असायचा तेव्हा नाली पाइपमध्ये जायची आणि नळ आला की ती माठात यायची. जोड अगदी तिथेच होता जिथून आम्ही खुर्च्या अलीकडे ओढायचो. त्या पाइपवर कनेक्शन फक्त सरांचं होतं, म्हणून लेआउटमध्ये आजारी पडले ते फक्त सरांच्या घरचं पाणी पिणारे. कादंबरीची प्रतही मंडळातल्या त्याच माणसांत फिरत होती. रोज तेच पाणी पिणाऱ्या सरांना आणि काकूंना काही झालं नाही, याचं कारण डॉक्टरांना तेव्हाही सांगता आलं नाही.

मैत्रीण वाचली. हळूहळू तिचे डोळे निवळले. माळ गळ्यापर्यंत आली की नाही ते कुणी बघितलं नाही, नर्सने ती उशीखालून काढून फेकून दिली होती. पण बाळ वेळेच्या आधी झालं आणि ते रडलं नाही.

ती घरी आल्यावरच्या रविवारी मंडळ भेटायला गेलं. बैठक नव्हती, तरी पाय त्याच वेळेला तिकडे वळले आणि जो तो आपापल्या खुर्चीत बसला. पुस्तक स्टुलावर तसंच पडलेलं होतं. बँकेतल्या गृहस्थांनी ते परत आणून दिलं होतं, कारण त्यांच्या घरात आता कुणीच ते ठेवून घेईना. आतल्या खोलीत मैत्रीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. कूलर बंद होता, म्हणजे तिला बाहेरचं सगळं ऐकू जात होतं. काकूंनी स्टीलच्या पेल्यांतून पाणी आणलं, उकळलेलं, जरा कोमटच. वास कसलाच नव्हता. आम्ही सगळे ते प्यायलो.

काहीतरी बोलणं भाग होतं. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि म्हणाले की सर, अशा वेळी त्या कादंबरीतही... माणूस वाईट नव्हता तो. त्याच्याकडे सांत्वनाचं दुसरं काही नव्हतं, एवढंच. सरांनी पंजा वर केला. "नको, डॉक्टर," ते म्हणाले. "मंडळात घरगुती विषय नको."

त्या नियमाचा मला वर्षभर राग येत होता. त्या क्षणी मात्र वाटलं, राहू दे, म्हाताऱ्याला त्याच्यामागे लपू दे. पण काकू ट्रे घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्यांनी ट्रे पुस्तकावर ठेवला, एक रिकामी खुर्ची ओढली आणि बसल्या. त्या अंगणात खुर्चीवर बसलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मंग दुसरा कोनता विषय राह्यला आता?" त्या सरांना म्हणाल्या. "आपल्या पोरीचं लेकरू गेलं. बोला ना. ते आयकून राह्यली आतमंदी."

सरांचा हात खाली आला. मग ते बोलायला लागले, आमच्याशी नाही, आतल्या खोलीच्या खिडकीशी. पोरगी होती, म्हणाले. नर्सनं दाखवली मले. केस लई होते तिले. नाक माह्या मायवर गेलं होतं. मीच वाळा टाकाले सांगतला वं बाई, तुही माय सांगत होती.

आत खाट करकरली, आणि मैत्रीण भिंतीला धरून दारापर्यंत आली. कोणती खुर्ची तिची ते कळेना, म्हणून मी माझ्या खुर्चीवरून उठले आणि ती तिथे बसली.